अपुऱ्या दिवसांच्या पिल्लाला सर्फॅक्टंट: कुणाला, कधी आणि कसं

डॉक्टर, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. २४६ दिवसांची गाभण गाय पडली, उठेना, म्हणून तुम्ही सिझेरियन करून २४ किलोची कालवड काढली. पहिला तासभर ती बरी होती. मग श्वास वाढला, प्रत्येक श्वासाला ती कण्हू लागली. नाकातून ऑक्सिजन, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, श्वास चेतवणारं डॉक्साप्रॅम, प्रतिजैविक, सगळं झालं. एकोणिसाव्या तासाला ती गेली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. सर्फॅक्टंट, म्हणजे श्वास सोडताना फुप्फुस मिटू न देणारं औषध, दिलं असतं तर ती वाचली असती का? माणसांच्या बाळांचं हे औषध जनावरांना किती आणि कसं द्यायचं? आणि त्याच गोठ्यातली दुसरी गाय २५८ दिवसांची गाभण असताना कमरेचं हाड मोडून बसली आहे, तिच्या वासरासाठी काय करायचं?

पहिल्याचं उत्तर सरळ देते. पहिल्या दोन तासांत दिलं असतं, तर वाचण्याची खरी शक्यता होती. बाराव्या तासाला दिलं असतं, तर बहुधा नाही. पुढे जे लिहिते आहे ते या दोन वाक्यांमधल्या फरकाबद्दलच आहे, कारण आपल्या व्यवसायात सर्फॅक्टंटला "बाकी सगळं करून झाल्यावरचा उपाय" समजलं जातं आणि तिथेच पिल्लं हातची जातात.

ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या की सोडवताना किती जोर लागतो ते आठवा. वायुकोशांच्या आतली भिंत अशीच ओली असते. पाण्याचा पृष्ठताण ७० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो. तो तसाच राहिला तर श्वास सोडताना वायुकोश लहान होतो, जितका लहान होतो तितका त्याच्या आतला दाब वाढतो, आणि त्यातली हवा शेजारच्या मोठ्या कोशात निघून जाते. लहान कोश मिटतो, मोठा फुगतो. पुढचा श्वास घ्यायचा म्हणजे मिटलेला कोश पुन्हा पहिल्यापासून उघडायचा. सर्फॅक्टंटचा पातळ थर हा ताण श्वास सोडण्याच्या शेवटी जवळजवळ शून्यावर आणतो, म्हणून निरोगी फुप्फुसात श्वास सोडल्यावरही थोडी हवा मागे राहते. हा थर वायुकोशांच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवतात. त्यात साधारण नव्वद टक्के मेद, त्यातही मुख्यतः फॉस्फोलिपिडं, आणि दहा टक्के प्रथिनं असतात. प्रथिनांपैकी बी आणि सी ही दोन थर भराभर पसरवतात. या दोन्हींशिवाय तयार केलेली सुरुवातीची कृत्रिम औषधं प्राण्यांच्या फुप्फुसातून काढलेल्या औषधांपेक्षा कमी पडली, ती यामुळेच.

आता तुमची कालवड. जन्मताना तिच्याकडे थोडासा साठा होता, त्यावर पहिला तास निघाला. साठा सरला तशी नवी निर्मिती झाली नाही. ती कण्हत होती ते वेदनेने नव्हे. श्वास सोडताना ती स्वरयंत्र अर्धवट मिटून घेत होती, म्हणजे आतली हवा पूर्ण बाहेर पडू नये. आपण यंत्राने श्वासाच्या शेवटी जो दाब ठेवतो, तोच ती घशाने ठेवत होती. हा आवाज ऐकू आला की घड्याळ बघावं. यानंतर बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, छाती आत आणि पोट बाहेर असा उलटा श्वास सुरू होतो. मग कण्हणं थांबतं. घरच्यांना वाटतं, आराम पडला. खरं तर पिल्लू थकलेलं असतं.

याच वेळात आत आणखी एक गोष्ट होत असते आणि उशिराचा डोस का वाया जातो ते तिच्यात आहे. पुन्हा पुन्हा मिटून उघडताना वायुकोशांचं नाजूक अस्तर फाटतं. रक्तातला अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन आत झिरपतो, मेलेल्या पेशींसह त्याचा गुलाबी, काचेसारखा पापुद्रा भिंतींवर जमतो. ही प्रथिनं सर्फॅक्टंटला निकामी करतात. पिल्लाचं स्वतःचं असो की आपण बाहेरून घातलेलं, दोन्हींना. म्हणजे पहिल्या तासात जो डोस कोरड्या मैदानावर उतरतो, तोच बाराव्या तासाला चिखलात पडतो.

मला हे एका शिंगरावर समजलं. पोटदुखीच्या शस्त्रक्रियेत घोडीचं सिझेरियन करावं लागलं, ३१२ दिवस झालेले. शिंगराचं वजन ४० किलो. औषध मिळू शकत होतं, पण एवढ्या कुप्या उघडायच्या म्हणून मी आधी ऑक्सिजनवर वाट पाहिली, मग पहाटेपर्यंत वाट पाहिली. चौदाव्या तासाला दिलं. तासभर ऑक्सिजन किंचित सुधारला, पुन्हा खाली आला. शवविच्छेदनात फुप्फुसं यकृतासारखी गडद लाल आणि घट्ट होती, तुकडा पाण्यात टाकला तर तळाला गेला. तेव्हापासून मी निर्णय पहिल्या तासात घेते. द्यायचं तर तेव्हाच, नाही तर का नाही हे मालकाला तेव्हाच सांगायचं.

हे औषध मूळचं जनावरांच्याच गोठ्यातून आलेलं आहे, हे अनेकांना माहीत नसतं. १९२९ साली कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी डुकराच्या फुप्फुसात हवेऐवजी द्रव भरून दाखवलं की फुप्फुस फुगवायला लागणाऱ्या जोराचा मोठा वाटा पृष्ठताणाचा आहे. १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अपुऱ्या दिवसांच्या, श्वासाच्या याच आजाराने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात हा थर नसल्याचं दाखवलं. १९६९ मध्ये न्यूझीलंडमध्ये लिगिन्स मेंढ्यांवर वेगळ्याच प्रश्नासाठी काम करत होते. स्टेरॉइड मिळालेली फार लवकर जन्मलेली कोकरं अपेक्षेबाहेर श्वास घेताना त्यांना दिसली, आणि आईला स्टेरॉइड देऊन बाळाचं फुप्फुस पिकवण्याची पद्धत तिथून सुरू झाली. १९७२ मध्ये एन्हॉर्निंग आणि रॉबर्टसन यांनी अपुऱ्या दिवसांच्या सशांच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट घातलं. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून केलेलं औषध दहा बाळांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. आजही पोरॅक्टंट डुकराच्या फुप्फुसातून येतं, बेरॅक्टंट गाईच्या, कॅलफॅक्टंट वासराच्या. म्हणून "माणसांचं औषध जनावराला चालेल का" या प्रश्नाने घाबरू नका. चालतं. अडतं ते आकारमानावर.

पण त्याआधी, कुणाला द्यायचं? नवजात जनावर धापा टाकतंय म्हणजे सर्फॅक्टंट कमी आहे असं मुळीच नाही. आपल्या हाताखाली येणाऱ्या बहुतेकांना हा आजार नसतोच. अडलेल्या वेतात गुदमरलेलं, विष्ठा मिसळलेलं गर्भजल आत ओढलेलं, ओढाताणीत बरगडी मोडलेलं, गर्भातच जंतुसंसर्ग झालेलं, गारठलेलं, असं काहीतरी असतं. पूर्ण दिवसांच्या पिल्लात आधी हे शोधा. बरगड्यांवरून बोटं फिरवा, शिंगरात तर हे कधीच चुकवू नका. तापमान घ्या. गर्भजलातली विष्ठा सर्फॅक्टंट बिघडवते हे खरं आहे, पण तिथे औषधाचा फायदा इतका खात्रीचा नसतो आणि मी ते नेहमी देत नाही.

दिवसांचा हिशेब प्रत्येक जातीत वेगळा आहे. गाईत साधारण २८० दिवस धरले तर २६० च्या अलीकडच्या वासराकडे मी संशयानेच पाहते. शेळी-मेंढीत १५० च्या जवळ दिवस भरतात. १४० च्या खाली धोका वाढत जातो. कुत्रीत ओव्ह्युलेशनपासून (बीज सुटल्यापासून) ६३ दिवस मोजायचे, आणि तिथे शेवटचे दोन-तीन दिवसही जीवनमरणाचे असतात. कुत्रीच्या बाबतीत मला फार तळमळीने सांगायचं आहे. अपुऱ्या दिवसांची पिल्लं तिथे बरेचदा निसर्गाने नव्हे, आपल्या सुरीने जन्मतात. मिलनाच्या तारखेवरून दिवस मोजून सिझेरियन ठरवलं जातं. शुक्रजंतू कुत्रीच्या गर्भाशयात कित्येक दिवस टिकतात, म्हणून मिलनापासूनचा काळ ५७ ते ७२ दिवस असा कसाही निघू शकतो. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन २ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली गेल्याशिवाय ठरवून केलेल्या सिझेरियनला हात लावू नये. ही एक तपासणी जितकी पिल्लं वाचवते तितकी कुठलीही कुपी वाचवत नाही.

घोडीचं गणित सगळ्यांत फसवं. गर्भकाळ ३२० ते ३६५ दिवस इतका सैल असतो, त्यामुळे नुसत्या तारखेला अर्थ नाही. शिंगराची अधिवृक्क ग्रंथी अगदी शेवटच्या चार-पाच दिवसांत जागी होते आणि तिच्यातून येणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकावर फुप्फुस पिकतं. वारेला बरेच दिवस संसर्ग असलेल्या घोडीचं ३१५ दिवसांचं शिंगरू पोटातच ताण सोसून आधीच तयार झालेलं असू शकतं. अचानक सिझेरियनने काढलेलं ३१५ दिवसांचंच शिंगरू मात्र कच्चं निघतं. फरक कळायला रेशमी मऊ केस, पुढे आलेलं कपाळ, लुळे कान बघा आणि रक्ताची साधी तपासणी करा. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल लिम्फोसाइटपेक्षा कमी असतील तर शिंगरू कच्चं आहे. पुढच्या गुडघ्यांचा आणि मागच्या घोट्यांचा एक्स-रे त्याच वेळी काढा. या सांध्यांतली छोटी चौकोनी हाडं अजून कूर्चाच असतील तर फुप्फुस वाचवून उपयोग नाही, उभं राहताच ती चिरडतात. हे मालकाशी औषध देण्यापूर्वी बोलावं लागतं.

निदानाला मी तीन गोष्टी धरते: अपुरे दिवस, जन्मानंतर तासा-दोन तासांत वाढत गेलेला त्रास, आणि ऑक्सिजन देऊनही न वाढणारा धमनीतला ऑक्सिजन. निरोगी वासरातही जन्मल्याबरोबर ऑक्सिजनचा दाब कमीच भरतो, म्हणून एकाच मोजणीवर जाऊ नका. निरोगी वासरात तो पुढच्या तासात चढतो, या वासरात उतरतो. पाऱ्याच्या ६० मिमीच्या खाली ऑक्सिजनचा दाब आणि ६५ मिमीच्या वर कार्बन डायऑक्साइडचा म्हणजे वेळ फार थोडा उरला आहे. एक्स-रेत दुधी काच लावल्यासारखं एकसारखं धुरकट फुप्फुस आणि त्यात काळ्या फांद्यांसारख्या हवेच्या नळ्या दिसतात. हाताशी सोनोग्राफी असेल तर ती अधिक सोयीची. दोन्ही बाजूंना पांढरं फुप्फुस दिसलं, आडव्या रेषा हरवल्या आणि उभ्या रेषा एकमेकींत मिसळल्या, तर मी एक्स-रेची वाट पाहत नाही. सिझेरियन चालू असताना गर्भजल घ्यायला मिळालं तर एक जुनी सोपी चाचणी आहे. एक मिली गर्भजल आणि एक मिली ९५ टक्के इथेनॉल स्वच्छ काचनळीत घ्या, पंधरा सेकंद जोराने हलवा, पंधरा मिनिटं उभी ठेवा. कडेने बुडबुड्यांचं पूर्ण कडं टिकलं तर सर्फॅक्टंट आहे. ही चाचणी माणसांसाठी बसवलेली आहे, मी तिला इशारा म्हणूनच वापरते. गर्भजलात रक्त मिसळलं असेल तर तेवढंही नाही.

आता डोस. पोरॅक्टंट ८० मिग्रॅ प्रति मिली, बाळांमध्ये पहिला डोस २०० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे २.५ मिली प्रति किलो. बेरॅक्टंट २५ मिग्रॅ प्रति मिली, १०० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ४ मिली प्रति किलो. हिशेब करून बघा. २५० ग्रॅमच्या कुत्र्याच्या पिल्लाला पोरॅक्टंट ०.६ मिली पुरतं. दोन किलोच्या करडाला ५ मिली. पण २५ किलोच्या वासराला अर्ध्या डोसानेही, १०० मिग्रॅ प्रति किलोने, ३१ मिली लागतं, म्हणजे ३ मिलीच्या अकरा कुप्या. ४० किलोच्या शिंगराला पूर्ण डोस म्हणजे १०० मिली, चौतीस कुप्या. म्हणून लहान पिल्लांत मी २०० देते, मोठ्यांत १०० वर थांबते. ५० पेक्षा खाली जाऊन "थोडं तरी दिलं" असं समाधान मिळतं, फुप्फुसाला काही मिळत नाही. थर पूर्ण बसायला किमान मात्रा लागतेच. उलट एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. नवजात फुप्फुस सर्फॅक्टंट फेकून देत नाही, पेशी ते परत ओढून पुन्हा वापरतात. म्हणून चांगला बसलेला एक डोस पुष्कळदा पुरतो, तोवर दोन-चार दिवसांत स्वतःची निर्मिती सुरू होते.

कत्तलखान्यातल्या निरोगी गाईचं फुप्फुस सलाइनने धुऊन सर्फॅक्टंट काढण्याची पद्धत काही मोठ्या जनावरांच्या रुग्णालयांत वापरली गेली आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. फेस गाळायचा, पेशी आणि गाळ अपकेंद्री यंत्राने वेगळा करायचा, जंतूंची तपासणी करायची, मग वापरायचं. सोय असलेल्या प्रयोगशाळेत हे शक्य आहे. बादलीत फुप्फुस धुऊन गाळलेला द्रव पिल्लाच्या छातीत घालणं म्हणजे न्यूमोनिया हाताने भरणं, ते कृपया करू नका.

देण्याची पद्धत एका करडावरून सांगते. १३८ दिवसांची गाभण शेळी, अपघातानंतर सिझेरियन, एक करडू १.९ किलोचं. जन्मल्यावर पाऊण तासात कण्हू लागलं. दोन कुप्या फ्रिजमधून काढल्या आणि मुठीत धरून उबवल्या, हलवल्या नाहीत. हलवलं की फेस होतो आणि फेस नळीतच अडकतो. कुपी हळूच उलटी-सुलटी करायची, द्रव सायीसारखा एकसारखा पांढरा दिसला पाहिजे. तोंडातून नळी घातली. इथे शरीररचना लक्षात ठेवा. गाय, शेळी, मेंढी, डुक्कर यांच्यात उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या खंडाची शाखा श्वासनलिका दुभंगण्याच्या आधीच निघते. नळी खोल गेली तर तो खंड औषध आणि हवा दोन्हींना मुकतो. म्हणून नळी बाहेरून छातीच्या तोंडापर्यंत मोजून घ्यायची, त्यापुढे नाही. त्या नळीतून बारीक कॅथेटर नळीच्या टोकापर्यंतच सोडलं. एकूण पावणेपाच मिली, चार भाग केले: उजव्या कुशीवर एक, डाव्या कुशीवर एक, छातीवर बसवून दोन. प्रत्येक भागानंतर हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने अर्धा-एक मिनिट हलके श्वास. दुसऱ्या भागानंतर ऑक्सिजन घसरला, हृदयाचे ठोके मंदावले, नळीत पांढरं वर आलं. अशा वेळी घाबरून नळी काढू नका. थांबा, श्वास देत राहा, मिनिटभरात परत येतं. आमचंही आलं.

आणि मग चौथ्या भागानंतर काही मिनिटांनी पिशवी हाताला मऊ लागू लागली. आधी ती दाबताना रबरी चेंडू दाबल्यासारखा अटकाव होता. आता तेवढ्याच बोटांच्या जोराला छाती दुप्पट उचलली जात होती. याच क्षणी बहुतेक चुका होतात. फुप्फुस सैल झालं, पण आपला हात आधीच्याच जोराने दाबत राहतो, आणि फुप्फुस फुटतं. हात लगेच हलका करा, ऑक्सिजनही लगेच कमी करत आणा. शक्य असेल तर पिशवीला दाबमापक आणि श्वासाच्या शेवटी ५ ते ८ सेंमी पाण्याचा दाब ठेवणारी झडप लावलेली असू द्या. श्वासाचं प्रमाण ६ ते ८ मिली प्रति किलो, त्याहून मोठं नको. औषधाआधी तर विशेष जपा. अपुऱ्या दिवसांच्या कोकरांवरच्या एका प्रयोगात जन्मल्याबरोबर फक्त सहा मोठे श्वास दिले, तर नंतर दिलेल्या सर्फॅक्टंटचा फायदा बराचसा गेला. सहा श्वास! पिल्लू निपचित पडलेलं बघून आपण घाईघाईने पिशवी पिळतो, त्यात सहा श्वास कधी होऊन जातात कळतही नाही.

करडाची नळी चाळीस मिनिटांनी काढली, नाकातून ऑक्सिजन चालू ठेवला. ते जगलं. जगलं याचं श्रेय मी औषधाइतकंच त्या रात्री त्याला छातीवर बसवून ठेवणाऱ्या, दर तासाला तापमान घेणाऱ्या मुलाला देते. आडव्या पडलेल्या शिंगरात धमनीतला ऑक्सिजन छातीवर बसवलेल्यापेक्षा दहा-पंधरा मिमीने कमी भरू शकतो. म्हणजे उशा-पोत्यांचा आधार देऊन बसवणं हासुद्धा उपचार आहे. गारठा, आम्लता, कमी साखर या तिन्हींनी सर्फॅक्टंटची निर्मिती आणि काम मंदावतं. त्यातला मुख्य मेद तर ४१ अंशांच्या खाली एकटा असेल तर घट्टच राहतो, प्रथिनं आणि इतर मेद त्याला वाहता ठेवतात. थंड पिल्लाला दिलेला महाग डोस अर्धा वाया जातो. म्हणून आधी ऊब, मग कुपी. चीक द्यायचाच, पण धापा टाकणाऱ्या पिल्लाला बाटलीने नाही. नळीने, थोडा थोडा, आणि आतडं ते घेतंय की नाही बघत. सहा ते बारा तासांनी ऑक्सिजनची गरज पुन्हा चढली तर मी अर्धा डोस परत देते. त्यानंतरही सुधार नसेल तर निदान चुकलं आहे किंवा संसर्ग आहे, तिसऱ्या कुपीने ते बदलत नाही.

तुम्ही जे दिलंत त्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही मनाला लावून घेतलं आहे. डॉक्साप्रॅम श्वासाच्या केंद्राला चाबूक मारतं. तुमच्या कालवडीचं केंद्र आधीच पूर्ण जोराने काम करत होतं, फुप्फुसच उघडत नव्हतं. तिथे त्याने फक्त ऑक्सिजनचा खर्च वाढतो. जन्मल्यानंतर दिलेलं डेक्सामेथासोन फुप्फुस पिकवायला फार उशिराचं असतं, आणि संसर्गाचा धोका वाढवतं. उलटं टांगून पाणी काढण्याचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, तो कुणी केला असेल तर पुढे होऊ देऊ नका. बाहेर येतं ते बहुतेक पोटातलं असतं, आणि आतड्यांचा सगळा भार छाती आणि पोटामधल्या पडद्यावर येऊन श्वास अजून कोंडतो. या तिन्हींमुळे ती गेली असं मी म्हणणार नाही. २४६ दिवसांच्या वासरात सगळं वेळेवर करूनही हरण्याची शक्यता बरीच असते.

आता दुसरी गाय, कारण तिच्यात अजून वेळ आहे. गाय खात असेल, ताप नसेल, वेदना औषधाने आटोक्यात असेल, तर रोज मिळणारा प्रत्येक दिवस वासराचा आहे. तिला मऊ अंथरुणावर ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला आणि थांबा. मात्र ती खालावू लागली तर अचानक सुरी उचलू नका. डेक्सामेथासोन २० मिग्रॅ स्नायूत द्या आणि चोवीस ते छत्तीस तास मिळवण्याचा प्रयत्न करा. या दिवसांत ते इंजेक्शन प्रसूतीही सुरू करू शकतं. मोडलेल्या कमरेतून वासरू खाली येऊ द्यायचं नाही, म्हणून कळा येण्याआधीच सिझेरियन करायचं. तिच्याजवळ सतत माणूस हवा. नुसत्या प्रोस्टाग्लँडिनने विण्यास लावलं तर फुप्फुसाला ही तयारी मिळत नाही, म्हणून इथे ते नको. वार अडकेल, हे मालकाला आधी सांगून ठेवा. गाय त्या चोवीस तासांत मरणार असं दिसलं तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

सिझेरियनच्या आधी वासराचं वजन ३० किलो धरून १०० मिग्रॅने ३ ग्रॅम औषधाची सोय होते का ते आजच विचारून ठेवा. माणसांसाठीचं औषध जनावरात वापरतो आहोत याची लेखी संमती घ्या. ७ ते ९ मिमीच्या नळ्या, झडप लावलेली पिशवी, ऑक्सिजन, कोरडे टॉवेल, गरम पाण्याच्या बाटल्या एका जागी मांडा. एक माणूस फक्त वासरासाठी ठेवा, तो गाईच्या टाक्यांकडे वळता कामा नये. वासरू बाहेर आलं की पुसा, छातीवर बसवा, नाकातून ऑक्सिजन सुरू करा, घड्याळ लावा. तीस मिनिटांनी आणि साठ मिनिटांनी रक्तातला ऑक्सिजन बघा, आणि मध्ये पूर्ण वेळ त्याच्या तोंडाजवळ कान ठेवा. कण्हणं ऐकू आलं की कुप्या उबवायला घ्या आणि मला फोन करा. रात्री कितीही वाजता केलात तरी चालेल.